बँजो लिहिला की अमेरिका वाजते

वरातीत, मिरवणुकीत, धुमालच्या गाडीवर जो बँजो आपण ऐकतो ती टाइपरायटरसारख्या कळांची, तारांची आडवी पेटी असते. तारांचा आवाज टिपणारा पिकअप लावून भोंग्यातून निघालेला तिचा चिरका, धातूचा सूर गोंदियापासून बुलढाण्यापर्यंत कोणालाही दुरून ओळखू येतो. हाच शब्द सुनो किंवा युडिओ या, लिहिलेल्या वर्णनावरून गाणं बनवणाऱ्या एआय यंत्रांच्या खोक्यात टाका, बाहेर येतं ते अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखाचं ब्लूग्रास. यात यंत्राची चूक नाही. बाकी जगात बँजो म्हणजे गोल, कातडं मढवलेलं, बोटांनी छेडायचं वाद्य. आपल्या पेटीचं तिकडे चालणारं नाव बुलबुल तरंग. तिचं मूळ जपानी ताइशोगोतो, १९१२ साली नागोयात तयार झालेलं. म्हणून खोक्यात लिहायचं ते असं: ‘इलेक्ट्रिक बुलबुल तरंग लीड, मेटॅलिक, स्लाइटली डिस्टॉर्टेड, फास्ट रिपीटेड नोट्स’. तरी पहिल्याच फटक्यात जमेल असं नाही, पण निदान सातासमुद्रापलीकडून गाणं आपल्या बाजूला वळतं.

प्रॉम्प्ट, म्हणजे खोक्यात टाकायचं वर्णन, लिहिण्यातली निम्मी मेख या एका उदाहरणात आहे. यंत्राला आपल्या गावातली नावं ठाऊक नसतात, पण आवाजाचं वर्णन कळतं. ते शिकलंय ते ढीगभर ध्वनिमुद्रणं आणि त्यांच्यासोबत आलेले वर्णनाचे शब्द यांची जोडी लावून. ज्या वाद्याची नावानिशी मुद्रणं भरपूर, ते नावानं येतं. ज्याची कमी, तिथे यंत्र नावात जवळ असलेलं दुसरंच काहीतरी उचलतं. ‘इंडियन फोक’ एवढंच लिहिलं तर सतार, तबला आणि कुठलातरी वाळवंटी सूर यांची खिचडी मिळते, कारण सगळ्या भारताची सरासरी काढली की तेच उरतं. आपल्या झाडीपट्टीचा किंवा वऱ्हाडाचा त्या सरासरीत वाटा तो किती असणार!

दुसरी गोष्ट, खोकं हे हुकूम सोडायची जागा नाही. ‘गणपती मंडळासाठी छान, सगळ्यांना आवडेल असं गाणं बनवून दे’ या वाक्यात आवाजाबद्दल एक अक्षर नाही. ‘छान’ कसं वाजतं? गाणं झाल्यावर एखादा ऐकणारा त्याचं जसं वर्णन करेल तसं आधीच लिहून ठेवायचं. कोणती वाद्यं ऐकू आली, लय कशी होती, कोण गात होतं, जागा मोकळी वाटली की बंद, एवढंच.

सुनोत साधी पद्धत आणि ‘कस्टम’ पद्धत अशा दोन आहेत. साध्या पद्धतीत एका ओळीत काहीही लिहा, शब्दही यंत्रच जोडतं. मराठीसाठी ती सोडूनच द्या. तिथे यंत्रानं लिहिलेल्या गीतात सोनेरी पहाट, हिरवी शेतं आणि स्वप्नांचे पंख हटकून येतात, सोयाबीनवरची येलो मोझॅक येत नाही. कस्टममध्ये दोन खोकी वेगळी मिळतात, शैलीचं आणि गीताचं. शैलीचं खोकं जुन्या आवृत्त्यांत २०० अक्षरांचं होतं. मे २०२५ मध्ये आलेल्या साडेचार क्रमांकाच्या आवृत्तीपासून ते १००० अक्षरांचं झालं. जागा वाढली म्हणून भरायची नसते. पंधरा वाद्यं लिहिली की यंत्र त्यातली तीन-चार आपल्या मनानं निवडतं आणि उरलेली सोडून देतं. मग निवड आपणच का करू नये?

शैलीचे शब्द इंग्रजीत लिहिलेले बरे, कारण ज्या वर्णनांवर ही यंत्रं शिकली त्यांत इंग्रजीचाच भरणा. मी इथे ते देवनागरीत देतोय, खोक्यात टाकताना रोमन लिपीत टाका. गीत मात्र देवनागरीतच. रोमन लिपीतलं मराठी यंत्र कधी इंग्रजीसारखं वाचतं, कधी हिंदीसारखं, आणि ‘दारात’चं काय होईल ते सांगता येत नाही.

आता वाद्यं. इथे जरा रेंगाळतो, कारण सगळ्यात जास्त गाणी इथेच बिघडतात.

ढोलकी हवी असेल तर नुसतं ‘ढोल’ लिहू नका, पंजाब उतरतो. ‘ढोलकी’ शब्द द्या आणि त्याच्यामागे वर्णन जोडा: ‘टू-हेडेड हँड ड्रम, रिंगिंग ट्रेबल साइड, ग्लायडिंग बेस स्ट्रोक्स’. शाईच्या बाजूची खणखण आणि धुमीचा घुमारा अशा दोन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय यंत्र तबल्याकडे सरकतं. डफड्याला जगात नाव नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या हलगीलाही फारसं नाही. म्हणून ‘फ्रेम ड्रम प्लेड विथ थिन स्टिक्स, ड्राय शार्प क्रॅक, नो सस्टेन’ असं लिहायचं. नुसतं ‘फ्रेम ड्रम’ म्हटलं की अरबस्तानातली मंद, हातानं वाजवलेली डफ येते, आणि पोळ्याच्या गाण्यात उंट चालायला लागतात.

खंजेरी हा तर आपल्याकडचा जिव्हाळ्याचा विषय. मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजेरी भजन गावोगावी पोचलं, सप्तखंजेरीवाल्यांनी ते आणखी रंगवलं. खोक्यात ‘कंजिरा’ लिहिलं तर कर्नाटक संगीत येतं, कारण त्या नावाचं दक्षिणेतलं वाद्य मैफिलीत वाजतं आणि जगाला तेच ठाऊक. ‘टॅम्बुरिन’ लिहिलं तर चर्चमधल्या गाण्यासारखी नुसती छुमछुम येते, बोटांचा ठेका हरवतो. मधला रस्ता असा: ‘हँड-हेल्ड फ्रेम ड्रम विथ जिंगल्स, रॅपिड फिंगर रोल्स, ड्रायव्हिंग डिव्होशनल ग्रूव्ह’. ‘फिंगर रोल्स’ हे दोन शब्द गाळले की खंजेरीचा जीव जातो.

टाळाला ‘ताल’ लिहिण्याची चूक बरेच जण करतात. यंत्र तो शब्द ठेक्याच्या अर्थानं घेतं आणि टाळ गायब. ‘मंजिरा, स्मॉल ब्रास हँड सिंबल्स ऑन एव्हरी बीट’ असं लिहा. ‘सिंबल्स’ एकटं लिहिलं तर ड्रम सेटची मोठी झांज कोसळते. सनईला ‘शेहनाई’ चालतं, पण यंत्राला ती संथ, एकटी, करुण वाजवायची खोड आहे. लग्नातली हवी असेल तर ‘लाउड आउटडोअर वेडिंग प्रोसेशन’ हे जोडावं लागतं. हार्मोनियम आणि पखवाज नावानं नीट येतात, त्यांची काळजी नाही. तुणतुण्यासाठी ‘सिंगल-स्ट्रिंग प्लक्ड ड्रोन, ट्वँगी’. डहाका किंवा मेळघाटातल्या कोरकूंची पावी यांच्या नादी लागू नका. वर्णनानं जे येतं ते जवळचं असतं, तेच नसतं. तसलं खरं वाद्य हवं असेल तर वाजवणाऱ्याकडे मोबाइल घेऊन जा आणि मुद्रण करा. ते स्वस्तही पडतं.

शब्दांच्या क्रमालाही किंमत आहे. जे आधी लिहाल त्याचं वजन जास्त पडतं. पहिल्या जागी प्रकार आणि भाषा, मग ठेका, मग दोन ते चार वाद्यं, मग आवाज कोणाचा, भाव कोणता, आणि शेवटी मुद्रण कसं वाटावं. भाव शेवटाकडे ठेवतो, कारण ‘इमोशनल’, ‘एपिक’ असले शब्द सुरुवातीला आले की ते वाद्यांना गिळतात. ‘एपिक’ लिहा आणि पाहा, ग्रामसभेच्या सूचनेमागे सिनेमातल्या लढाईचा ऑर्केस्ट्रा उभा राहतो.

एक पूर्ण उदाहरण घेऊ. ग्रामपंचायतीच्या घंटागाडीसाठी दीड मिनिटाचं गाणं हवंय. गाणं लिहिण्याआधी ते वाजणार कशावर, हे पाहायला पाहिजे, आणि हाच प्रश्न कोणी विचारत नाही. गाडीवर असतो भोंगा. भोंग्यातून साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच निघत नाही आणि पाच-सहा हजारांच्या वरचंही पडतं. म्हणजे हेडफोनमध्ये धमधम वाजणारा किक ड्रम गाडीवर मुका होतो आणि ठेकाच नाहीसा. शिवाय भोंगा एकच, तेव्हा डाव्या-उजव्या कानातल्या करामती वाया. आणि गल्लीतल्या भिंतींवरून आवाज आधीच घुमतो. त्यात गाण्यातला रिव्हर्ब, म्हणजे मुद्रणातला घुमारा, मिसळला की एक शब्द कळत नाही. म्हणून ठेका मधल्या पट्टीत वाजणाऱ्या वाद्यावर टाकायचा आणि मुद्रण कोरडं मागायचं:

‘मराठी फोक जिंगल, मिड-टेम्पो ११० बीपीएम, हार्मोनियम लीड, ड्राय फ्रेम ड्रम विथ स्टिक्स, हँड क्लॅप्स, क्लिअर फीमेल व्होकल अप फ्रंट, ग्रुप रिस्पॉन्स इन युनिसन, चीअरफुल, ड्राय रेकॉर्डिंग, मिनिमल रिव्हर्ब’

हेच गाणं गणपती विसर्जनाला डीजेवर वाजणार असतं तर सगळं उलटं. तिथे ‘डीप सब बेस’, ‘१२८ बीपीएम’, ‘सिंथ लीड’ शोभतं, कोरडेपणा नको. तेव्हा एक प्रॉम्प्ट दोन्हीकडे चालवू नका.

वरच्या ओळीतला ‘युनिसन’ हा शब्द जपून ठेवा. आपल्याकडे घोळक्यानं गाणं म्हणजे सगळे एकाच सुरात, थोडे मागे-पुढे. यंत्राला ‘क्वायर’ किंवा ‘कोरस व्होकल्स’ सांगितलं की ते तीन पट्ट्यांत सूर वाटतं आणि भुलाबाईची पोरं नाताळला गाताहेत असं वाटतं. भुलाबाईच्या गाण्यांसाठी तर वाद्यच नको: ‘अ कॅपेला, ग्रुप ऑफ यंग गर्ल्स सिंगिंग इन युनिसन, नो हार्मनी, वुडन स्टिक क्लॅप्स, प्लेफुल, ओपन कोर्टयार्ड, अनपॉलिश्ड’. शेवटचा शब्द महत्त्वाचा. तो नसला की आवाज इतके गुळगुळीत येतात की अंगणाचा मागमूस राहत नाही.

इथे ‘नो हार्मनी’ लिहिलंय खरं, पण नकार शैलीच्या खोक्यात भरवशाचा नसतो. ‘नो ड्रम्स’ लिहिलं की ड्रम्स हा शब्द यंत्राच्या डोळ्यांपुढे येतो आणि बरेचदा तेच वाजतं. सुनोत नको त्या गोष्टींसाठी वेगळं खोकं आहे, शैलीतून वगळण्याचं. सतार, ऑटोट्यून, ड्रम सेट, चर्च क्वायर असलं सगळं तिथे टाका. जिथे तसं खोकं नसेल तिथे नकाराऐवजी होकार लिहा. ‘ड्रम्स नको’ऐवजी ‘ओन्ली हँड क्लॅप्स अँड व्हॉइस’.

लयीबद्दल थोडक्यात. बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती ठोके याचा, आकडा लिहावा, पण यंत्र तो अंदाजानं घेतं, आणि कधीकधी ७० चं १४० करतं, कारण दुप्पट मोजलं तरी ठेका तोच वाटतो. म्हणून आकड्यासोबत शब्द हवा, ‘स्लो स्वेइंग’ किंवा ‘ब्रिस्क’. काकड्याचं भजन ७० ते ८०, पालखीसोबत चालायचं ९५ ते १०५, मिरवणूक १२५ च्या पुढे, हा माझा अंदाजपत्रकी हिशोब. केहरवा आठ मात्रांचा, त्याला ‘४/४, बाउन्सी’ पुरतं. दादरा सहा मात्रांचा, त्याला ‘६/८, लिल्टिंग’. ‘केहरवा’ हा शब्दही टाकून पाहा, तो बऱ्यापैकी लागू पडतो. यंत्राची ओढ सरळ ४/४ कडे असल्यामुळे सहाच्या ठेक्यावर ‘वॉल्ट्झ’ लिहायचा मोह होतो, पण तो टाळा. त्यानं युरोपातला नाचाचा हॉल येतो.

आवाजासाठी गायकाचं नाव लिहू नका. सुनो ते नाकारतं, आणि नाकारलं नसतं तरी दुसऱ्याचा गळा न विचारता घेणं बरं नव्हे. त्याऐवजी गळ्याचं वर्णन करा. ‘मिडल-एज्ड मेल, ओपन-थ्रोटेड, स्लाइटली हस्की, कीर्तन स्टाइल’ यातून बराच जवळचा आवाज निघतो. ‘ओपन-थ्रोटेड’ नाही लिहिलं तर यंत्र कुजबुजतं, कारण हल्लीच्या गाण्यांत माइकला ओठ लावून गायची पद्धत आहे. माइक नसलेल्या मांडवात गाणारा माणूस तसं गात नसतो.

यापुढचं काम गीताचं, आणि मराठीत खरी कसोटी इथे लागते. यंत्रानं देवनागरी ऐकली ती मुख्यतः हिंदीतून. त्यामुळे आपली अक्षरं ते हिंदी तोंडानं वाचतं. ‘ज्ञान’ लिहिलं की ‘ग्यान’ ऐकू येतं. ‘कृषी’चं ‘क्रिषी’ होतं. ‘पैसा’ आणि ‘औषध’ यांतले ऐ-औ हिंदीसारखे चपटे होतात. ‘चांगला’मधला च आणि ‘जावई’मधला ज दातांकडून टाळूकडे जातो आणि गाणारा परप्रांतीय वाटतो. ‘सिंह’ आणि ‘संसार’ यांतला अनुस्वारही बदलतो. यावर उपाय एकच, शुद्धलेखन विसरा आणि जसं ऐकू यावं तसं लिहा. ‘द्न्यान’, ‘क्रुषी’, ‘पइसा’, ‘अउषध’, ‘त्सांगला’, ‘सिंव्ह’, ‘संवसार’. ज खाली नुक्ता देऊन ‘ज़ावई’ लिहिलं की यंत्र त्याला झ-कडे झुकवतं, ते पुष्कळ जवळ जातं. मराठीच्या मास्तरांनी हे पान पाहू नये.

ळ ला मात्र पक्का इलाज नाही. ‘पोळा’ बरेचदा ‘पोला’ होऊन येतो. हिंदीतला नुक्त्याचा ड़ वापरून ‘पोड़ा’ लिहिता येतं, तो कधी ळ च्या जवळ जातो, कधी सरळ ड म्हणून कानावर आदळतो. जिथे जमेल तिथे ळ असलेला शब्द ओळीच्या शेवटी आणि लांब सुरावर ठेवू नका. मध्ये, घाईत आला तर खपतो. पोळ्याच्या गाण्यात तो टाळता येत नाही, तिथे दोन-चारदा बटण दाबून ज्यात नीट आला ते ठेवायचं.

आकडे अक्षरांत लिहा, नाहीतर ‘२०२६’ चं इंग्रजी वाचन होतं. ‘जि.प.’, ‘ग्रा.पं.’ असली संक्षिप्त रूपं पूर्ण लिहा. गावाचं नाव आधी एकट्या ओळीत टाकून ऐका. चार अक्षरी नावांत यंत्र भलतीकडेच जोर देतं, ते नाव मधून तोडून किंवा मधला स्वर लांबवून लिहिलं की सुधारतं. आणि हे वाकडंतिकडं लिहिलेलं गीत वेगळं जपा, शुद्ध प्रत वेगळी. व्हिडिओखाली अक्षरं दाखवताना ‘पइसा’ दिसला तर गावात हसं होईल.

वऱ्हाडी किंवा झाडीबोली गाण्यात आणायला हरकत नाही, उलट गंमत वाढते. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ हे शब्द यंत्राला जड जात नाहीत, लिहिलेत तसेच म्हटले जातात. पण ‘वऱ्हाडी अॅक्सेंट’ असं शैलीत लिहून काही होत नाही. बोलीचा लहेजा शब्दांतून आणि ओळींच्या वळणातून आणावा लागतो, म्हणजे बोलीतलं गीत स्वतः लिहावं लागतं किंवा लिहिणाऱ्याकडून घ्यावं लागतं.

ओळीची लांबी मोजायची ती तोंडानं, अक्षरांनी नव्हे. मोठा अभंग सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा असतो हे खरं, पण तिथे गाताना शेवटचा अकार पूर्ण उच्चारला जातो. यंत्र तो खातं. घंटागाडीच्या गाण्यात पहिली ओळ धरा ‘घंटागाडी आली दारी’. घं-टा-गा-डी-आ-ली-दा-री, बोलताना आठ ठोके. पुढची ‘ओला कचरा वेगळा’, लिहिताना तीही आठ अक्षरांची, पण बोलताना ओ-ला-कच-रा-वेग-ळा, म्हणजे सहाच. यंत्र उरलेले दोन ठोके भरायला ‘वेगळा’चा शेवट ताणतं, आणि नेमका ळ तिथेच. आता अशी करा:

ओला कचरा हिरव्या डब्यात
सुका कचरा दुसऱ्या डब्यात

ओ-ला-कच-रा-हिर-व्या-ड-ब्यात, आठ. दुसरीही आठ. ‘निळ्या डब्यात’ असं असायला हवं होतं, पण ‘निल्या’ ऐकण्यापेक्षा ‘दुसऱ्या’ बरा. डब्याचा रंग पाटीवर लिहिता येतो.

एका कडव्यात चार ओळी, प्रत्येक ओळ आठ ठोक्यांची, आणि ध्रुवपद दोनच ओळींचं ठेवलं तर यंत्र चाल पकडून ठेवतं. ओळी कधी आठ, कधी तेरा ठोक्यांच्या असल्या की दुसऱ्या कडव्याला चाल बदलते आणि तुम्ही शैलीच्या खोक्याला दोष देत बसता.

कडवं, ध्रुवपद, वाद्यांचा तुकडा हे वेगळं दाखवण्यासाठी चौकोनी कंसात इंग्रजी खुणा टाकतात: इंट्रो, व्हर्स, कोरस, इन्स्ट्रुमेंटल, आउट्रो, एंड. खूण स्वतंत्र ओळीवर, एक-दोन शब्दांचीच. चौकोनी कंसातलं सहसा गायलं जात नाही. गोल कंसातलं मात्र गायलं जातं, मागच्या आवाजांत. म्हणून कोणी गोल कंसात ‘इथे ढोलकी जोरात’ लिहिलं तर मागून बायका खरोखर ‘इथे ढोलकी जोरात’ गातात. हाच गुण भजनात वापरून घ्या. बुवांची ओळ साधी, टाळकऱ्यांची परतफेड गोल कंसात, आणि शैलीत ‘कॉल अँड रिस्पॉन्स’. दोन्ही एकत्र असले तरच जमतं, नुसत्या कंसानं तोच गायक दोनदा गातो.

पोळ्याच्या झडत्या म्हणजे गाणं नाही, तोरणाखाली एकानं ठणकावून म्हणायचं आणि शेवटी सगळ्यांनी ‘हर हर महादेव’ करायचं. तिथे खूण ‘स्पोकन वर्ड’ द्या, घोषाची ओळ गोल कंसात, आणि शैलीत ‘मेल शाउटेड चँट, क्राउड रिस्पॉन्स, आउटडोअर, स्टिक ड्रम्स’. ‘रॅप’ हा शब्द चुकूनही नको. काही जण मुद्दाम टाकतात आणि पोरांना आवडतंही. माझं मत विचाराल तर झडती ही झडतीसारखीच ऐकावी.

शेवट कापलेला येणं ही नेहमीची तक्रार. गीत जागेपेक्षा लांब झालं की मध्येच तुटतं. आखूड झालं की यंत्र उरलेल्या वेळात शब्द नसलेलं आ-ऊ भरतं. दीड मिनिटाला ध्रुवपदासकट दोन कडवी पुरतात. शेवटच्या ओळीनंतर आउट्रो आणि एंड या खुणा लिहा. तरीही लांबलं तर सरळ मोबाइलमध्ये कापा, त्यासाठी पुन्हा बटण दाबून गुण (क्रेडिट) घालवू नका. फुकट खात्यात रोज ५० गुण मिळतात, एका दाबाला १० जातात आणि दोन गाणी येतात. म्हणजे दिवसाला पाच दाब, दहा गाणी. हे पाच दाब नीट वापरायचे तर एका वेळी एकच गोष्ट बदला. पहिल्या दाबाला वाद्यं ऐका, दुसऱ्याला फक्त वाद्याचा शब्द बदला, उच्चार नंतर. सगळंच एकदम बदललं की कशानं सुधारलं ते कळत नाही. आणि एकाच प्रॉम्प्टची दोन गाणीही सारखी नसतात, त्यामुळे एक वाईट निघालं म्हणून प्रॉम्प्ट वाईट ठरत नाही. दोन्हींत तोच दोष असेल तर दोष प्रॉम्प्टचा. वहीत तारीख, प्रॉम्प्ट आणि ‘ढोलकी आली, उच्चार गेला’ एवढी नोंद ठेवली तर आठवड्याभरात स्वतःचा कोश तयार होतो.

शब्द नको, नुसता मागचा आवाज हवा असेल, म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्याला पावसाळी रात्र किंवा शेतीच्या व्हिडिओखाली वीस सेकंदांचा तुकडा, तर मेटाचं म्युझिकजेन आणि स्टेबल ऑडिओ ओपन हे दोन घरच्या संगणकावर चालतात, ग्राफिक्स कार्ड बरं असेल तर. म्युझिकजेन २०२३ च्या जूनमध्ये आलं, ते माणसाचा आवाज काढत नाही आणि वर्णन इंग्रजीतच घेतं. तयार प्रतीचा परवाना बिगरव्यावसायिक वापरापुरता आहे. स्टेबल ऑडिओ ओपन एका वेळी ४७ सेकंदांपर्यंत देतं. झाडीपट्टीच्या मंडळींना मात्र हे सुचवणार नाही. वडशाकडची नाटकं वाजवणाऱ्या माणसांवर उभी आहेत, नटानं थांबल्यावर थांबणारा तबला कोणत्याही खोक्यात लिहून मिळत नाही.

हक्कांचं एवढं ध्यानात ठेवा. सुनोच्या फुकट खात्यातलं गाणं पैसे कमावण्यासाठी वापरता येत नाही. कृषी केंद्राची जाहिरात, उमेदवाराचं प्रचारगीत, कमाईचं यूट्यूब चॅनेल, यांना पैसे भरलेलं खातं लागतं आणि गाणं ते खातं चालू असताना केलेलं असावं लागतं. या यंत्रांनी शिकण्यासाठी काय वापरलं यावरून मोठ्या संगीत कंपन्यांनी जून २०२४ मध्ये सुनो आणि युडिओवर खटले भरले, त्यानंतर नियम आणि सवलती बदलत आल्या आहेत. म्हणून गाणं वापरायच्या दिवशी अटी पुन्हा वाचा.

आणि गीत कोणाचं घालता तेही पाहा. तुकोबांचे अभंग कोणीही गावेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निर्वाण १९६८ चं. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात, म्हणजे त्यांच्या रचनांची मुदत २०२८ अखेर संपते. तोवर त्यांचं भजन यंत्राच्या चालीत बसवून लोकांत सोडण्याआधी परवानगी लागते. गावातल्या कवीच्या ओळी असतील तर त्यालाही विचारा, नाव द्या आणि जमलं तर चार पैसेही.

घंटागाडीचं गाणं तयार झालं की ते हेडफोनवर पास करू नका. सकाळी गाडी निघायच्या आधी पेन ड्राइव्ह लावा, भोंगा सुरू करा आणि पन्नास पावलं लांब जाऊन उभे राहा. शेजारी ज्यानं गीत वाचलेलं नाही असा माणूस घ्या आणि त्याला विचारा, ‘काय म्हणून राह्यली गाडी?’ त्यानं डबा म्हटलं तर गाणं पास. ‘काहीतरी भजन हाय’ म्हटलं तर रिव्हर्ब अजून कमी करा, हार्मोनियम मागे सारा आणि उद्याच्या पाच दाबांतला पहिला त्यासाठी राखून ठेवा.